आईच्या चेहऱ्यावरचे डाग

आईचा एकच फोटो आहे. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि भाऊ पाच महिन्यांचा. त्यामुळे तिचा चेहरा म्हणून आम्हा दोघांकडे जे काही आहे ते त्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर. त्यातही ती वडिलांच्या शेजारी खुर्चीत बसलेली, चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

यंदा भावाने तळेगावात फ्लॅट घेतला. त्याचा फोन आला, "ताई, वास्तुशांतीला आईचा मोठा फोटो लावायचाय. तू रिटायर झालीयेस, कॉम्प्युटर येतो, तेवढे डाग काढून दे." उंटावरून शेळ्या हाकायची त्याची जुनी सवय. पण खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा जास्त घाई होती. साठी उलटली तरी आई कशी दिसायची हे मला माहीत नव्हतं, आणि ते एकदा नीट बघायचं होतं.

लोणावळ्याच्या ओलीत काही टिकत नाही. चार महिने चपलांना बुरशी, गाद्यांना वास. तिथे पत्र्याच्या ट्रंकेत साठेक पावसाळे काढलेल्या फोटोची काय कथा. स्कॅन करून मोठा केला आणि कपाळावर हात मारला. मागचा पडदा, खुर्ची, वडिलांचा कोट, आईचा चेहरा, सगळीकडे ठिपकेच ठिपके. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टी असते, ती सरकवली की बारीक दाणे आपोआप कमी होतात. सरकवली. दाणे गेले, पण आईचे डोळेही गेले. झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा चेहरा झाला. मग पट्टी मागे घेतली आणि एकेक ठिपका हाताने काढायला बसले. शेजारची चांगली जागा उचलायची, डागावर ठेवायची. रोज स्वयंपाक उरकला की बसायचे ते मान आखडेपर्यंत. असे तीन आठवडे. डाव्या गालाचे दहा काढावेत तर उजव्या गालावर वीस दिसायचे. कधीकधी आईचाच राग यायचा. एवढ्या लवकर जायचं होतं तर चार फोटो तरी काढून ठेवायचे होतेस, असं मी एकदा तिला मोठ्याने म्हणालेसुद्धा.

एक गोष्ट मला खटकली होती. फोटोतल्या मागच्या पडद्यावरचे डाग पसरट, वेड्यावाकड्या कडांचे. चेहऱ्यावरचे बरेचसे मात्र लहान आणि गोल. असेल काही कागदाचं, असं म्हणून मी पुढे गेले. मला तेव्हा फक्त उरकायचं होतं.

शेवटी चेहरा स्वच्छ झाला. नितळ, तरुण, देखणी बाई. मी बराच वेळ बघत बसले आणि मला काहीच वाटलं नाही. त्याने आणखीच गळून गेले.

त्याच आठवड्यात टाकव्याची मावशी डोळे तपासून घ्यायला माझ्याकडे आली. आईची धाकटी बहीण; आईला पाहिलेलं आता तेवढंच माणूस उरलंय. मी तिला स्क्रीनसमोर बसवलं. नाक टेकेल इतकी ती पुढे वाकली.

"ग बया! आक्का किती ग्वाड दिसतीय," ती म्हणाली. "पर वण कुटं गेलं समदं?"

"कसले वण?"

"देवीचं. ल्हानपणी देवी आलत्या न्हवं का तिला. वाचली, पर तोंड भरून वण ऱ्हायलं. तुला ठावं न्हाई?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणून घरात सगळे 'देखणी होती' एवढंच म्हणत आले. आणि मी तीन आठवडे घासून घासून आईच पुसली होती. स्वतःचाच संताप आला.

"मी ते परत आणते," मी म्हटलं. "मूळ स्कॅन आहे माझ्याकडे."

"कशापायी?" मावशी भडकली. "जलमभर पदर वढून हिंडली ती. ह्या फोटूलाबी बसत नव्हती, तुज्या बापानं हाताला धरून बशिवली. आत्ता कुटं तिचं त्वांड निवळ झालंय, तर तू पुन्ना डाग लावती व्हय? भावाला ह्योच दे."

तिचंही चुकत नव्हतं. भावाला तोच पाठवला. पण मला आई हवी होती. मूळ स्कॅन उघडला, तर त्या गोल ठिपक्यांतही वण कुठला आणि बुरशी कुठली, काही उमजेना. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मावशीला विचारत राहिले. तिच्या अधू डोळ्यांना एवढं बारीक दिसत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे ते डबडं," ती म्हणाली, आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "हितं." तिने माझ्या गालाच्या हाडावर बोट टेकलं. "हितं दोन. नाकाच्या शेंड्यावर एक मोटा. हनवटीवर लय, मोजाया यायचं न्हाईत. आन् हितं भिवईत एक, तितं केसच न्हवतं."

तिची खरखरीत बोटं सावकाश फिरत होती. मी डोळे मिटून घेतले आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागले.

"गप. हलू नगं," मावशी म्हणाली. "अजून कपाळ ऱ्हायलंय."