एकाच परातीत

आमच्या घरात कुणाचंच ताट वेगळं नसायचं. बुवापाड्याच्या त्या एका खोलीत पोरं एकाच परातीत जेवायची: जावेचे दोन मुलगे आणि माझी दोन वर्षांची मुलगी. सासूबाई स्वतः भात-डाळ कालवून द्यायच्या. शेजारणी म्हणायच्या, किती गुण्यागोविंदाने जेवतात! मलाही बरं वाटायचं. भांडी कमी घासावी लागायची, हेही होतंच.

नवऱ्याला ठेकेदाराने कामावरून काढून घरी बसवलं होतं. जाऊ उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायला जायची, मी चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाला. महिनाअखेरीला डाळ इतकी पातळ व्हायची, की परात जरा कलली तर सगळं पाणी एका बाजूला पळायचं. तरी आमची पोरं उपाशी नाहीत, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं.

मग अंगणवाडीच्या ताईंनी मुलीच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. लाल रंगावर आली, म्हणजे पोर फारच खंगलेली. त्यांनी ती सोडून परत गुंडाळली. परत लाल.

"किती खाते गं ही?"

"खाते की सगळ्यांबरोबर."

"सगळ्यांचं नाही विचारत. हिचं सांग."

मला सांगता येईना. चिखलोलीच्या बाईंचा मुलगा हिच्याच वयाचा. त्याने खिचडी किती खाल्ली, किती थुंकली, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं, कारण बाई रोज विचारायच्या. माझ्या पोरीचं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आपलं म्हटलं, "तिला भूकच कमी आहे हो."

"वेगळ्या ताटात वाढून बघ," ताई म्हणाल्या. "वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावी लागेल. अशा पोरांना साधा तापसुद्धा झेपत नाही."

झालं. येता-जाता तिच्या कपाळाला हात लावायचा मला चाळाच लागला. शेजारी कुणी शिंकलं तरी मी तिला उचलून आत न्यायचे. चिखलोलीला पोळ्या लाटताना तिचा तो काडीसारखा दंड डोळ्यांसमोरून हलायचा नाही.

सासूबाईंना ताटाचं सांगितलं, तर त्या उसळल्याच. "येगळं ताट? माज्या घरात?" लहानपणी गावात त्या आईबरोबर मोठ्या घरी कामाला जायच्या, तेव्हा त्यांचा टवका उडालेला कप गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. आपणच धुवायचा, आपणच परत ठेवायचा. "आमच्या बापानं धम्म घेतला तो काय यासाठी? आता मी नातीला येगळं वाढू?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला राग आला, भयंकर राग आला. मनात म्हटलं, तुमचा कप तुम्ही सांभाळा, मला माझी पोरगी सांभाळू द्या. तोंडाने बोलायची हिंमत असती तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने स्टीलची छोटी ताटली काढली, भात-डाळ वाढली आणि पोरीला परातीला लागूनच बसवलं. सासूबाई तोंड फिरवून बसल्या.

मुलगे गपागप जेवत होते. हिने एक घास घेतला आणि पोरांकडे बघत तो या गालातून त्या गालात फिरवत बसली. तिचा दुसरा घास होईपर्यंत परातीचा तळ दिसायला लागला. रोज असंच होत असणार. परात चकचकीत झाली की ही बोटं चाटत बसायची आणि आम्ही म्हणायचो, भरलं पोट.

स्वतःचं संपल्यावर जावेच्या मोठ्या मुलाने सवयीने तिच्या ताटलीत हात घातला. सासूबाईंनी तो वरच्या वर धरला. म्हणजे त्याही बघत होत्या. पोरांना त्यांनी हात धुवायला पिटाळलं, नातीजवळ सरकल्या आणि तिच्या ताटलीतला एक छोटा घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. "आता न्हाई येगळं," त्या म्हणाल्या. "जेव, बाय. कुणी घेत न्हाई तुजं."

ती जेवली. सावकाश, पण सगळं जेवली. मग रिकामी ताटली दोन्ही हातांनी माझ्याकडे ढकलली. "अजून."

हा शब्द तिच्या तोंडून जेवताना मी कधी ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की टोपात न बघताच मी वाढलं. तेही संपलं. पुन्हा ताटली पुढे आली, आणि या वेळी पळी टोपाच्या तळाला खरवडली. नवरा, जाऊ, सासूबाई आणि मी, आमचं सगळ्यांचं जेवायचं राहिलं होतं.

"हाय का गं अजून?" सासूबाईंनी विचारलं.

पोर माझ्या हाताकडे बघत होती. माझी मुलगी किती जेवते हे मला तेव्हा कळलं. तेवढं आमच्या घरात नव्हतं.