मुलाखतीला लावलेलं कुंकू

राज विदर्भातल्या तुरुंगात होता, तोवर आक्काबाईचं खोटं खपून गेलं. मारामारीच्या गुन्ह्यात सात वर्षांची शिक्षा. चार सरली होती. आठवड्याला फोन यायचा. "आप्पा कुठंय?" "झेंडूचे क्रेट घेऊन मार्केटला गेलेत." नाहीतर, "घसा धरलाय रे, बोलवत नाय त्यांना." राजचे वडील चिमाजी आप्पा वारून दहा महिने झाले होते. पोरगं आतल्या आत खचेल, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, ही तिला धास्ती.

आणि गेल्या आठवड्यात राजला नाशिक रोडला हलवलं. मखमलाबादच्या मळ्यापासून दोन रिक्षा बदलल्या की तुरुंग. आक्काबाईनं हौसेनं नवा टॉवेल, दोन बनियनी घेतल्या, आणि मग तिला धडकी भरली. आता नुसता आवाज नव्हता ऐकवायचा, तोंड दाखवायचं होतं.

मुलाखतीच्या रांगेत तिनं पिशवीतून डबी काढली आणि कपाळावर कुंकू टेकवलं.

लेक दिशा बघतच राहिली. "आई! येड लागलं का तुला?"

"गप. वीस मिनिटांचा तर प्रश्न हाय."

"अन् लोकं?"

"लोकांना काय आत घेऊन जायचंय मला?"

रांगेत पुढं सुरय्या नावाची बाई उभी होती. तिचा नवरा आत होता. ती वळून म्हणाली, "अम्मा, पहली बार ना? रोना मत. आधा टाइम उसमेच जाता."

नाव पुकारलं. काचेपलीकडे राज येऊन बसला. आक्काबाईनं फोन कानाला लावला, तर तो तिच्या कपाळाकडेच बघत होता.

"आई, पूस ते."

तिनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बराकीत आपल्या गावचा हिरामण हाय. पहिल्याच दिवशी म्हणला, आप्पांच्या दहाव्याला मी व्हतो. मी गचांडी धरली त्याची. खोटं बोलतो म्हणून."

"तुला सोसायचं नाय म्हणून रे..."

"तुम्ही अर्ज केला असता तर पोलीस बरोबर देऊन तरी आणलं असतं मला. तोंड बघितलं असतं आप्पांचं."

हे आक्काबाईला ठाऊकच नव्हतं. लपवायच्या नादात तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. कपाळ पुसायला हात वर जाईना. दिशानंच आपल्या ओढणीनं पुसलं.

राजनं फोन ठेवला आणि उठला. आक्काबाई काचेवर थापा मारायला लागली. "मावशी, काच आहे ती," हवालदार म्हणाला.

दोन पावलं गेलेला राज थांबला. माघारी आला, उभ्याउभ्याच फोन उचलला.

"आप्पांना अग्नी कोणी दिला?"

"मी."

"तू?"

"भिकाकाका पुढं झाला व्हता. मी म्हणलं, त्यांचा पोरगा हाय. तो नाय तर त्याची आई देईल."

राज स्टुलावर टेकला. तोंडावरून हात फिरवला.

"सांग," तो म्हणाला. "सकाळपासनं सांग. काय काय झालं त्या दिवशी."

"उठल्या उठल्या चहा नको म्हणले," आक्काबाई म्हणाली. "तवाच कळायला पायजे व्हतं मला."