यादीतून काढलेलं नाव

शेणव्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, दाखले, पीकविमा, जे येईल ते मी भरून देते. त्या वर्षी गावच्या गोविंदा पथकाचा विमाही माझ्याकडेच आला. मुरबाडच्या दहीहंडीच्या आयोजकांनी कळवलं होतं, विमा नसलेल्याला थरात चढू देणार नाही. पथक शिकवणारे मास्तर, म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त खेळाचे शिक्षक, पंचेचाळीस जणांची आधार कार्डं एका पिशवीतून घेऊन आले.

"सूनबाई, एकपण नाव सुटायला नको," एवढंच म्हणाले.

फॉर्मात वारसाचा रकाना होता. त्यासाठी एकेकाला दुकानात बोलवावं लागलं. "वारस कोण लिहू?" विचारलं की गडी हसायचे. कोणी आईचं नाव सांगायचा, कोणी नुकत्याच ठरलेल्या बायकोचं सांगून लाजायचा. मला हसू येत नव्हतं. शेवटच्या पानावरचा भरपाईचा तक्ता मी वाचून बसले होते. एक डोळा, दोन्ही डोळे, एक हात, एक पाय, सगळं ओळीने लिहिलेलं. समोर बसलेल्याच्या हाताकडे माझं सारखं लक्ष जायचं.

माझा दीरही पथकात होता. तो तिसऱ्या थरात उभा राहायचा आणि वरच्या तीन थरांचा भार त्याच्या खांद्यांवर यायचा. त्याचा वारस मी विचारलाही नाही. सासूबाईंचं नाव लिहून टाकलं.

यादी पाठवायची त्या संध्याकाळी लाइट सारखी येत-जात होती. घाईत नजर फिरवताना एकच नाव, तेच आडनाव दोनदा दिसलं. लाइट गेली तेव्हा दोनदा चढलं असणार, असं समजून मी एक ओळ काढली आणि यादी पाठवून दिली. आकडा मोजला नाही.

गोपाळकाल्याला पथक सकाळीच टेम्पोने निघालं. दुपारी मास्तरांचा फोन आला. मागे ढोल इतके वाजत होते की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"यादीची प्रिंट घरीच राहिली. मोबाइलवरची चालत नाय म्हणतात. सलामी देऊ देतायत, पण हंडीच्या आधी कागद पायजे. घेऊन येशील का?"

मी प्रिंट काढली आणि माझ्याकडे ठेवलेला पथकाचा शिक्का मारला. सहज खाली नजर गेली तर शेवटचा अनुक्रमांक चव्वेचाळीस. मी बोट ठेवत एकेक ओळ वाचत गेले. दीराचं नाव सापडलं, पण मधलं नाव माझ्या सासऱ्यांचं नव्हतं. ते नाव पाड्यावरच्या दुसऱ्या गड्याचं होतं. त्याचं आणि माझ्या दीराचं नाव एकच, आडनाव एकच, फक्त बाप वेगळा. मी माझ्याच घरचा माणूस यादीतून काढला होता.

मास्तरांना फोन लावला, उचलला नाही. दीराला लावला, लागला नाही. विमा कंपनीच्या नंबरवर सुट्टी असल्याचं मशीन सांगत होतं. शटर ओढून स्कूटरची चावी घ्यायला घरी गेले, तर सासूबाई ओटीवर वाल निवडत होत्या.

"पावसाची कुठं चाललीस गो?"

"कागद द्यायचाय मुरबाडला."

त्याहून जास्त बोलायची हिंमत झाली नाही.

किन्हवलीपर्यंत रस्ता असा खड्ड्यांचा, की नजर खालीच ठेवावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीतली यादी पोटाशी खोचली होती. आत्ता थर लागला असेल, आत्ता चौथा चढत असेल, असं मनात चालूच होतं. सरळगावला थांबून मास्तरांना दोनदा फोन करून पाहिला. नुसती रिंग जात होती.

मुरबाडला पोचले तेव्हा आमचं पथक सलामीला उभं होतं. गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि तिथेच थांबले. दीर तिसऱ्या थरात होता, डोळे मिटलेले, मान खाली. त्याच्या खांद्यावर चौथा चढत होता. हाक मारली असती तर तो हलला असता. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. सहा थर लागले, वरच्याने हात जोडले, आणि एकेक जण उतरत दीराचे पाय जमिनीला लागले. तेव्हा कुठे माझ्या तोंडातून आवाज फुटला.

"मास्तर, भावजींचं नाव यादीत नाही. माझी चूक झाली."

मास्तरांनी कागद हातात घेतला. दीर घाम पुसत जवळ आला.

"वहिनी, आता तर उभा राहून आलो ना? काय झालं मला?"

"काही झालं असतं तर?"

"नाव नाय म्हणून माणूस पडतो का?"

मास्तरांनी यादीवरून बोट फिरवत ती पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तू खाली थांब. यादीत नाय तो थरात नाय." आणि दीराच्या जागी त्यांनी त्याच नावाच्या त्या दुसऱ्या गड्याला घेतलं. तो एरवी दुसऱ्या थरात असायचा. सरावात दोन-तीनदा तिसऱ्यात उभा राहिला होता.

हंडीसाठी पुन्हा थर लागले. पाचवा चढला तेव्हा त्या गड्याचा गुडघा थरथरताना मला खालून दिसला. दीरालाही दिसला असावा. तो पुढे सरकला, पण मास्तरांनी त्याचा दंड धरला. पुढच्या क्षणी सगळा मनोरा एका बाजूला बसला. बहुतेक जण खालच्यांच्या हातांवर पडले. तो गडी मात्र खांद्यावर आपटला.

त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या बाकावर त्याची बायको माझ्या शेजारी येऊन बसली. तिला अदलाबदल माहीत नव्हती. "ताई, तुमी नाव घातलंत म्हणून बरं झालं," ती म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. माझी चूक, दीराला बाजूला करणं, तिच्या नवऱ्याला वर चढवणं. ती उठून नवऱ्याच्या खाटेपाशी गेली.

त्याचे विम्याचे कागद मी स्वतः केले. कंपनीने बापाच्या नावाचा पुरावा दोनदा मागितला, दोनदा पाठवला. दवाखान्याचा खर्च मंजूर झाल्याचा मेसेज आला, तेव्हा मी तो पाड्यावर जाऊन दाखवून आले.

घरात दीर माझ्याशी कामापुरतं बोलत होता. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "वहिनी, मी असतो तर थर पडला नसता."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. आणि दीर पडला असता तर मी सासूबाईंसमोर कशी उभी राहिले असते, तेही माहीत नाही.

भातकापणीला दीर आपणहून पाड्यावर गेला. त्या गड्याला भारे उचलणं जमत नव्हतं. दीर आठ दिवस त्याच्या शेतातले भारे खळ्यावर वाहत होता. संध्याकाळी घरी आला की मान चोळत बसायचा. मी गरम पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवायचे आणि आत जायचे.