उडत्या गाड्यांचं वर्कशॉप

शहाद्यात भास्करआप्पांच्या वर्कशॉपात मी वेल्डिंग करतो. आप्पांच्या लहानपणी मासिकांच्या कव्हरवर जे 'उद्याचं जग' छापून यायचं, ते आम्ही आज बनवतो. रॉकेट, रोबोट, उडत्या तबकड्या! किस्से भंगारासारखे साचलेत. उचलायचाही कंटाळा येतो.

*

म्हसावदला एका घरावर रॉकेटच्या आकाराची पाण्याची टाकी बसवली. घरातले आजोबा ती उडायची वाट बघत खुर्ची टाकून बसले. शेवटी विचारलं, "हाई कव्हय उडी भाऊ?"

लाइट सकाळपासून गेलेली. आप्पा पाने-पक्कड आवरत म्हणाले, "लाइट उनी का!"

*

कळसाडीच्या लग्नात जुन्या जीपवर तबकडी चढवली. पारदर्शक घुमटात नवरदेव. भर मे महिना, आणि घुमटाची कडी अडकली! तो आतून हात आपटतोय, ओरडतोय. वऱ्हाडाला वाटलं, नाचतोय. बँडवाल्यांनी आवाज वाढवला!

मी कडी कापून त्याला बाहेर काढलं. घामानं निथळत त्यानं एवढंच विचारलं, "घोडी भेटी का?"

*

एका सेठजींच्या कापडदुकानात नमस्कार करणारा रोबोट उभा केला. एक म्हातारी आली. त्यानं हात जोडले, तिनंही जोडले. त्यानं पुन्हा, तिनं पुन्हा. म्हातारी पुढे सरकेचना! सेठजींनी वैतागून प्लग काढला.

म्हातारी कळवळली, "थकी गया बिचारा!"

आप्पा म्हणाले, "मी बी थकी गऊ, माय."

*

पुण्याची एक आर्किटेक्ट वर्कशॉप बघून हरखली. "काका, हे रेट्रो-फ्युचरिझम! सध्या ट्रेंड आहे!"

"म्हंजे जुनं का नवं?"

"जुन्या लोकांनी बघितलेलं नवं."

आप्पा स्टुलावर बसले. "मंग ते नवं कोठे गयं, ताई?"

*

सातपुड्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीच्या भिंतीवर 'भविष्यातला आपला गाव' रंगवायचा होता. सामान डोक्यावर घेऊन आम्ही पायी चढलो. आप्पांनी काचेची घरं काढली, आभाळात उडत्या गाड्या काढल्या.

एक बाई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "यात रस्ता कुठंय?"

मी म्हटलं, "गाड्या उडतात ना, मावशी. रस्ता कशाला?"

ती म्हणाली, "सुनेला झोळीत घालून खाली नेलं आम्ही. पोर वाटेतच झालं. वाचलं नाही."

आप्पांनी पांढरा रंग घेतला. सगळ्या उडत्या गाड्या पुसल्या. मग पाड्यापर्यंत येणारा साधा डांबरी रस्ता काढला, त्यावर एक ॲम्ब्युलन्स.

उद्घाटनाला साहेब आले. जीप खाली ठेवून, नाला ओलांडून, बूट हातात धरून. चित्रापुढे थांबले, धाप लागलेली.

म्हणाले, "वा! काय कल्पनाशक्ती आहे हो!"