काच खाली घे

ताईचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. मी सोयगावला शिकवते. सोमवारी पहाटे गाडीनं निघायचं आणि शनिवारी दुपारी हर्सूलच्या घरी परतायचं, असा माझा आठ वर्षांचा क्रम. ताई एवढंच म्हणाली, "सुजाता, निघ तू. अन् गाडी हळू चालव." ‘हळू चालव’ हे तिचं वाक्य नव्हतं, ते दाजींचं. तिच्या तोंडून ते आलं आणि मी पुढं काही विचारलंच नाही... अंघोळीला जाता जाता दाजींच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मधुकरराव. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गाड्यांच्या दारांना आणि काचांना बसणारं रबर बनवलं. आमचे वडील लवकर गेले. माझं डी.एड. झालं ते दाजींच्या घरी राहून. पुढं मी जुनी गाडी घेतली आणि कौतुकानं त्यांना दाखवायला नेली. त्यांनी रंग पाहिला नाही, इंजिन पाहिलं नाही. काच खाली केली, ती जिथून वर येते त्या खाचेत बोट फिरवलं. बोट काळं झालं. "बाकीचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी हे."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते हर्सूलला यायचे. ओल्या फडक्यानं काचा पुसायच्या, जुन्या टूथब्रशनं खाच साफ करायची, दाराच्या कडेचं रबर बोटाच्या पेरानं दाबत दाबत पुसायचं, सुकू द्यायचं, मग ग्लिसरीनचा हलका हात. एकदा त्यांचं काम वाचवावं म्हणून मी आधीच खोबरेल तेल लावून ठेवलं. त्यांनी सगळं पुसून काढलं. "तेलानं रबर फुगतं. काच अडकती मग. किती डाव सांगितलं तुला."

मला याचा कंटाळा येत होता, हे आज लपवण्यात अर्थ नाही. शेजारीपाजारी बघायचे. आठवड्यातला माझा एकुलता एक मोकळा दिवस त्या खाचांमध्ये जायचा. सप्टेंबरातल्या एका रविवारी मी बोलून गेले, "दाजी, काचा पुसायला गाडी घेतली नाही मी. मला पेपर तपासायचेत." त्यांनी फडकं पिळलं, घडी केली, पिशवीत ठेवलं आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत असं मला वाटलं. संध्याकाळी वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमचे दाजी सकाळी येऊन गाडीचं काम करून गेले. बेल वाजवू नका म्हणले." गाडीची दुसरी चावी त्यांच्याकडंच असायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा दारात उभे. परतीचा पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. "एकटी जाऊ नको. मी येतो, एसटीनं परत येईन," म्हणाले आणि शेजारी बसले. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं, तरी आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि मला उशीर झाला होता. सोयगावच्या अलीकडं एका फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. दोन मोटारसायकलवाले अलीकडं थांबले होते.

"थांब, सुजाता."

"थोडंच आहे पाणी."

"थांब म्हणतो ना."

मी पहिला गिअर टाकला.

पुलाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी डावीकडून येत होतं, दाजींच्या बाजूनं. गाडी हळूच तिरकी सरकली आणि पुलाच्या कडेच्या दगडी खांबाला टेकली. पायाशी गार पाणी आलं. मी दार ढकललं, खांदा लावून ढकललं. बाहेरचं पाणी त्याला दाबून धरत होतं. मी ओरडत होते की रडत होते, आठवत नाही. दाजींचा आवाज मात्र आठवतो. कारखान्यात यंत्राच्या आवाजावरून बोलावं तसा, मोठा आणि सपाट. "दार सोड. काच खाली घे. आत्ताच, करंट हाय तोवर."

मी बटण दाबलं. काच खाली जाताना मी नुसती बघत राहिले. ती अडखळली नाही. पूर्ण आत गेली. लगेच डॅशबोर्डवरचे दिवे विझले.

"टपावर चढ." त्यांनी माझ्या पायाचे तळवे खालून उचलून धरले. मी वर गेले, मग त्रेसष्ट वर्षांचे दाजी त्याच खिडकीतून कसेबसे निघाले. गाडीचं टप आमच्याखाली हलत होतं. पलीकडून शेतातली माणसं दोर घेऊन आली. पहिल्यांदा फेकलेला दोर पोचला नाही. दुसऱ्यांदाही नाही... तिसरा दाजींनी धरला आणि माझ्या कमरेला बांधला. गाठ ओढून पाहिली, मग मला म्हणाले, "खाली बघू नको." मला काठावर घेतल्यावर दोर परत फेकेपर्यंतची ती मिनिटं मी उभ्यानं काढली. ते त्या टपावर एकटे होते.

काठावर आल्यावर ते मला रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी धोतर पिळावं तशी शर्टाची कड पिळली आणि म्हणाले, "ताईला सांगू नको यातलं. गाडी बंद पडली, एवढंच." पुढं माझी दुसरी गाडी आली, रविवार पुन्हा सुरू झाले. ‘मी सांगत होतो’ हे वाक्य त्यांनी मरेपर्यंत उच्चारलं नाही.

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. तीन आठवड्यांनी मी चिकलठाण्याला ताईकडं गेले आणि दाजींच्या खोलीत बसून तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"हे थांब म्हणाले होते?"

"व्हय."

"दोनदा?"

"दोनदा."

"तरी घातली तू गाडी."

मी मान खाली घातली. बाहेर जालना रोडवरून ट्रक जात होते, खोलीत धूळ येत होती. ताई मला उठून जा म्हणेल, असं मला वाटलं. मी गेलेही असते.

"धूळ यायलीय," ती शेवटी म्हणाली. "ती खिडकी लाव."

खिडकी सरकत्या काचेची होती. रस्त्याकडची असली खिडकी दोन्ही हातांनी रेटावी लागते म्हणून मी जोर लावायला उभी राहिले. एका बोटानं ती सरकली. मी वाकून खाली पाहिलं. खाचेत धुळीचा एक कण नव्हता, आणि कडेचं रबर आजच पुसल्यासारखं अजून ओलसर होतं.

मी ताईकडं वळले. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.