डेकवरच्या चटया

इसोआला फिजीतल्या मोआला बेटावरची घरं मालावरून ओळखता येत. पत्रे उतरले की कुणीतरी घर बांधतंय, छोटी गादी उतरली की कुणाकडे बाळ येतंय. राजधानी सुवाला जाणाऱ्या बोटीवर माल चढवता-उतरवता त्याचे केस पिकले. स्वतःचं घर मात्र झालं नाही. बोटीतल्या खोलीत, आईने विणलेल्या चटईवर तो झोपे.

त्या दिवशी म्हातारी लाइसानी, सगळ्या गावाची बूबू, म्हणजे आजी, चटयांची जाड गुंडाळी घेऊन धक्क्यावर उभी होती. सुवाला नातीचं लग्न होतं, आणि चटयांशिवाय नवरीला बसवणार कशावर?

"बूबू, खाली तळात ठेवतो," इसोआ म्हणाला.

"खोबऱ्याच्या पोत्यांशेजारी? नवरीला काय तेलाच्या वासात बसवू? वर ठेव, वाऱ्यावर."

"डेकवरचा माल मालकाच्या जोखमीवर असतो. समुद्रात टाकायची वेळ आली, तर कायद्याने कुणी भरून देणार नाही."

"तू टाकणार माझ्या चटया? जन्मात माशाचे काटे सोडून काही टाकलंयस का रे?"

सगळा धक्का हसला. इसोआने पावतीवर 'डेकवर' असं लिहून दिलं.

वाटेत वारा उलटला. बोट एका अंगाला कलली ती सरळ होईना. "वरचं सगळं टाका!" कप्तान मेली ओरडला. बोटीच्या दुरुस्तीची लाकडं गेली, पिंपं गेली. शेवटी इसोआने गुंडाळी उचलली. वाटली होती त्याहून ती हलकी निघाली. चटयांच्या कडेच्या रंगीत लोकरीच्या झालरी क्षणभर लाटेवर उघडल्या. मग बोट हळूहळू सावरली.

बूबू खाली प्रवाशांच्या खोलीत कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन बसली होती. इसोआ तिच्यासमोर मान खाली घालून बसला.

"मीच टाकल्या, बूबू."

"माणसं आहेत ना सगळी?"

"आहेत."

"मग झालं." पण तिची बोटं पोराच्या दुपट्यावर विणल्यासारखी फिरत राहिली.

समुद्राचा जुना कायदा सांगतो, की सगळ्यांना वाचवायला एकाचा माल टाकला, तर ज्यांचा वाचला त्यांनी ते नुकसान वाटून घ्यावं. डेकवरचा माल तेवढा त्यातून वगळलेला. सुवाच्या धक्क्यावर पोती देताना इसोआ प्रत्येकाला एवढंच सांगत होता, "तुझं खोबरं आलं. त्यासाठी बूबूच्या चटया गेल्या."

"मग आम्ही काही देणं लागतो का?" पोतं घ्यायला आलेल्या तोमासीने विचारलं.

"कायद्याने नाही."

"नाही म्हणतोस, आणि तोंड असं करतोस, जणू मीच ढकलल्या!" पोतं खांद्यावर मारून तो पुटपुटत गेला.

लग्नाच्या सकाळी तोच पहिला आला, घरातली चटई काखेत मारून. मागून बाकीचे आले. बूबू एकेक चटई उलगडून बघत होती.

"ही वीण कुणाची? यातून मासा निसटेल."

"माझ्या सासूची," तोमासी म्हणाला. "सांगू तिला?"

"नको बाबा. लग्न पार पडू दे."

सगळ्यांत शेवटी इसोआ आला. त्याची चटई मऊ पडलेली, कडेला झिजलेली. बूबूने ती नाकाशी धरली.

"खोबरं."

"इतकी वर्षं त्याच वासात झोपतोय. सगळ्यांत खाली घाल, बूबू. कुणाला कळणार नाही."

"आईची ना ही?"

त्याने मान डोलावली.

बूबूने चटयांची चळत हाताने सारखी केली. त्यावर, सगळ्यांत वर, इसोआची चटई अंथरली आणि तिच्या सुरकुत्यांवरून तळवा फिरवत नातीला हाक मारली.

"ये गं. बस इथे."