खिडकीतलं गिऱ्हाईक

आमच्या भाऊजींचा चेहरा खात्यापित्या घरचा. घर तसं फारसं खातंपितं नव्हतं, पण चेहऱ्याला ते कोणी कळवलं नसावं. गोबरे गाल, दुहेरी हनुवटी आणि आत्ताच पोटभर जेवून उठल्याचं समाधान. पुस्तकबांधणीचा कारखाना बंद पडला, त्या दिवशी फाटकाबाहेर सगळे कामगार तोंडं पाडून उभे होते. त्यांच्यात भाऊजी तेवढे लग्नाच्या पंगतीतून आल्यासारखे दिसत होते.

हा चेहरा कोरा व्हायचा तो फक्त ताईने वाढलेल्या ताटासमोर. मान खाली, नजर ताटात, ना हूं ना चूं. ताट लख्ख करून उठायचे आणि हात धुवायचे. लग्न झाल्यापासून ताई एका शब्दाची वाट बघत होती. "खारट झालंय म्हणा, करपलंय म्हणा, पण काहीतरी म्हणा की हो!" ती म्हणायची. त्यावर भाऊजी "हं?" करून ताट पुढे सरकवायचे. मी तिच्या हातच्या जेवणाचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करायचो, तर ती ते हिशेबातच धरत नसे. "तुझं काय, तुला नळाचं पाणीसुद्धा फक्कड लागतं."

कारखाना बंद पडल्यावर काही महिन्यांनी भाऊजींना दुसरी नोकरी लागली. धक्क्याला बांधून ठेवलेल्या एका जुन्या मालवाहू बोटीवर कोणीतरी माशांचं हॉटेल काढलं होतं. तरंगतं हॉटेल म्हणून त्याची जाहिरात असे, आणि बोट बुडत नव्हती एवढ्यापुरती ती खरीही होती. "पाहुण्यांच्या विभागात आहे, देखरेखीचं काम," एवढंच भाऊजींनी घरी सांगितलं. रोज संध्याकाळी कोट चढवून जायचे आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचे. या वयात बसून खाण्याची नोकरी मिळाली, असं मी थट्टेने म्हणायचो. ते उगाच खोकायचे.

ताईला साठ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मी ठरवलं की एक दिवस तरी हिला आयतं ताट मिळावं. भाऊजींच्या वशिल्याने बोटीत खिडकीजवळची जागा मिळेल, हाही बेत होताच. भाऊजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिथे वारा फार असतो." मग म्हणाले, "मासे काही खास नसतात." आपल्याच हॉटेलची इतकी बदनामी करणारा नोकर मी पहिल्यांदाच बघितला. आम्ही त्यांना न सांगता गेलो.

धक्क्यावर पाचपन्नास माणसं रेंगाळत होती आणि सगळ्यांची नजर बोटीच्या मोठ्या खिडकीवर होती. आत झगझगीत दिव्याखाली भाऊजी बसले होते. गळ्याला रुमाल, पुढ्यात भलीमोठी लाल शेवंड, म्हणजे मेनूकार्डावरचा लॉबस्टर. त्यांनी काट्याने एक तुकडा काढला, लोण्यात बुडवला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मान हळूहळू डोलायला लागली. मग एक दीर्घ उसासा. माझ्या शेजारच्या बाईने आवंढा गिळला.

ताईने आवंढा गिळला नाही. ती मला तिथेच सोडून तरातरा फळीवरून बोटीत शिरली. मी मागोमाग धावलो.

"अहो!"

भाऊजी दचकले, पण त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "बस. आधी बस. आणि हसून बोल, बाहेरून सगळं दिसतं."

"काय चाललंय हे?"

"काम," भाऊजी हसऱ्या तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले. "रिकाम्या बोटीत आधी पाऊल टाकायला लोक कचरतात. आत कोणीतरी मिटक्या मारताना दिसावं लागतं. चार टेबलं भरली की मी मोकळा."

ताईने शेवंडीचं कवच उचललं. खाली उकडलेला बटाटा होता. पहिल्या दिवशी खरी शेवंड दिली होती म्हणे, पण ती न सोसून भाऊजींचे ओठ असे सुजले की आत आलेली गिऱ्हाइकंसुद्धा पळाली. तेव्हापासून तेच एक कवच रोज धुऊन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगत होते.

ताईने बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला. "अळणी! या असल्यावर डोळे मिटता तुम्ही?"

"त्याचाच पगार आहे."

"आणि माझ्या हातचं खाताना काय होतं तुम्हाला?"

भाऊजींनी पुढचा तुकडा लोण्यात बुडवला. ताईचे डोळे भरून आले आणि ती पदरात नाही, सरळ हॉटेलच्या रुमालात नाक शिंकरून रडायला लागली. मला तिची फार दया आली आणि भाऊजींचा संताप. धक्क्यावरच्या लोकांना मात्र वाटलं, बाई चवीने गहिवरली. बघता बघता फळीवर रांग लागली.

मॅनेजर धावत आला. बोट जागची हलत नसली तरी तो कप्तानाची टोपी घालायचा. "बाई, तुम्हीही रोज याल का? तुमचं रडणं फारच उत्तम आहे."

ताईने नाक पुसलं. "येईन. पण बटाटा माझ्या हातचा असेल." ती हट्टाला का पेटली, ते मला कळत होतं. खोटा का होईना, तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिला एकदा आपल्या स्वयंपाकावर बघायचा होता.

दुसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम धक्क्यावरच्या बघ्यांत जाऊन उभा राहिलो. ताई ठेवणीतले कपडे घालून भाऊजींसमोर बसली. डब्यातले बटाटे तिने स्वतः कवचाखाली लावले. त्यांत लसूण होता, मिरी होती आणि आणखी काय होतं ते ती कोणालाच सांगत नाही. भाऊजींनी काटा उचलला, खिडकीकडे बघून गाल फुगवले आणि पहिला घास घेतला.

चेहरा विझला. मान खाली गेली, नजर कवचात रुतली. भाऊजी एकामागून एक घास गिळत सुटले, ना डोळे मिटले ना मान डोलली.

"आत काहीतरी बिघडलंय," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. "मासा शिळा असणार," म्हणत एक गृहस्थ बायकोमुलांना घेऊन चालते झाले. पाठोपाठ बाकीचेही पांगले. मी आत गेलो, तर मॅनेजर खांबाआडून कळवळून ओरडत होता, "काका, चेहरा! चेहरा!"

"हं?" भाऊजी म्हणाले. मग त्यांनी रिकामं कवच ताईपुढे सरकवलं. "अजून आहे का गं?"

ताई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "अहो, तुम्ही डोळे नाही मिटले ते?"

"अगं," भाऊजी ओशाळून म्हणाले, "जेवत होतो."

त्या संध्याकाळी बोटीत एकही टेबल भरलं नाही. मॅनेजरने टोपी काढून हात जोडले. "बाई, तुम्ही या, नका येऊ, तुमची मर्जी. पण हा डबा पुन्हा या फळीवर चढता कामा नये." आता ताई त्याची चांगलीच खरडपट्टी काढणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. तिने शांतपणे डब्याला झाकण लावलं आणि ताठ मानेने बोटीतून उतरली.

आता भाऊजी पुन्हा अळणी बटाट्यावर डोळे मिटतात आणि धंदा जोरात आहे. ताई घरीच असते. परवा तिचा फोन आला.

"आजची भाजी इतकी जमली म्हणून सांगू!"

"भाऊजी काय म्हणाले?"

"काहीच नाही!" ताईचा आवाज आनंदाने चिरकला. "अरे, एक अक्षर नाही!"